स्कोप माउंटचा जाम झालेला स्क्रू कसा काढायचा

रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, उतरवायला घेतला, ॲलन की (षटकोनी चावी) लावली, जोर दिला आणि स्क्रू ढिम्म हलला नाही, हे नवख्या नेमबाजाच्या वाट्याला कधी ना कधी येतंच. पुढचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. आणखी जोर लावला जातो, ॲलन की सटकते, खाचेच्या कडा गोल होतात, आणि जो स्क्रू थोड्याशा शेकाने सुटला असता त्याला ड्रिल लावायची पाळी येते.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की ठेवा. अडकलेल्या स्क्रूच्या बाबतीत तुमच्या हाती एकच भांडवल असतं, ते म्हणजे त्याच्या डोक्यावरची खाच. ती शाबूत आहे तोवर बरेच उपाय करता येतात. ती गेली की दोन-तीनच उरतात आणि त्यातला एकही सुखाचा नाही. ॲलन की पहिल्यांदा सटकली की हात आवरा. स्क्रूला कशाने धरून ठेवलंय ते आधी शोधा, जोर नंतर.

आधी रायफल रिकामी

मॅगझिन काढा. बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून चाचपूनही पाहा. बोल्ट निघणारा असेल तर काढून बाजूला ठेवा. बेसच्या स्क्रूंपर्यंत काम गेलं तर तो तसाही काढावा लागणार आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत. एअर रायफल असेल तर ती कॉक केलेली नाही आणि छर्रा आत नाही याची खात्री करा. पीसीपी, म्हणजे दाबाखाली हवा भरलेल्या टाकीची एअर रायफल, असेल तर टाकीतली हवा पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने सोडून द्या, कारण पुढे तापलेलं हत्यार वापरायचंय आणि दाबाखालची टाकी त्याच्या शेजारी नको.

अडकलाय तो नेमका कुठला?

माउंटमध्ये तीन जागी स्क्रू असतात. स्कोपभोवतीच्या रिंगच्या वरच्या अर्ध्या भागाला, म्हणजे टोपीला, धरणारे लहान स्क्रू. रिंग रेलवर आवळणारा आडवा बोल्ट किंवा नट. आणि बेस किंवा रेल (रिंगांखालची पट्टी) रिसीव्हरला, म्हणजे रायफलच्या मुख्य धातूच्या सांगाड्याला, जोडणारे उभे स्क्रू. तिघांचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं.

टोपीचा स्क्रू अडकला असेल तर सर्वांत आधी आडवा बोल्ट सोडवा आणि रिंगांसकट अख्खा स्कोप रायफलवरून उतरवा. बरेच जण हे करतच नाहीत. लांबलचक रायफल मांडीवर तोलत एवढ्याशा स्क्रूशी झटापट करण्यापेक्षा तोच स्कोप टेबलावर नीट टेकवून काम केलं की निम्मी अडचण तिथंच संपते. शिवाय उष्णता, तेल, धातूचा कीस, यातलं काहीही रायफलपर्यंत पोचत नाही. आडव्या बोल्टचं डोकं मोठं असतं. पिकॅटिनी रेलच्या (आडव्या खाचांच्या ठरावीक मापाच्या पट्टीच्या) रिंगांना अनेकदा अर्ध्या इंचाचा षटकोनी नट असतो, तो सॉकेट पान्याने घट्ट पकडता येतो. त्यामुळे ही जागा फारशी त्रास देत नाही. खरा डोकेदुखीचा विषय बेसच्या स्क्रूंचा. ते एकदा बसवले की वर्षानुवर्षं कुणी त्यांच्याकडे पाहत नाही, ते बहुधा आटे धरून ठेवणाऱ्या गोंदात बसवलेले असतात आणि त्यांच्या खाली रिसीव्हर असतो, जो बिघडला तर बदलून मिळत नाही.

हे स्क्रू किती बारीक आहेत तेही लक्षात घ्या. बेससाठी अमेरिकी पद्धतीत जास्त करून दिसणारा आकार ६-४८, म्हणजे जाडी सुमारे ३.५ मिलिमीटर आणि एका इंचात ४८ आटे. जास्त धक्क्याच्या रायफलींवर ८-४० असतो, जाडी सुमारे ४.२ मिलिमीटर. युरोपीय माउंटमध्ये मेट्रिक स्क्रू भेटतात. एवढ्या बारीक स्क्रूवर हातभर लांब दांडा लावला तर तो सुटणार नाही, तुटेल.

अडकण्याची कारणं चार, आणि ती ओळखता येतात

पहिलं कारण निव्वळ जास्त आवळणं. दुसरं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांमध्ये सुकून घट्ट होणारा गोंद. लॉकटाइट हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं नाव. तिसरं गंज. चौथं म्हणजे स्क्रू मुळातच आट्यांत तिरका घुसवलेला किंवा चुकीच्या आट्यांचा.

कोणतं कारण आहे हे अडकलेला स्क्रू सांगत नाही, त्याचे शेजारी सांगतात. त्याच माउंटमधले जे स्क्रू सुटले ते एकेक करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगाखाली आटे पाहा. आट्यांच्या खोबणीत जांभळे, निळे किंवा लाल, ठिसूळ, नखाने खरवडले की भुसा होऊन पडणारे कण दिसले तर तो थ्रेडलॉकर. तपकिरी-नारिंगी पूड बोटाला लागली तर गंज. माउंट ॲल्युमिनियमचा असेल आणि स्क्रूवर पांढुरकी, खडूसारखी भुकटी असेल तर तोही गंजच, पण ॲल्युमिनियमचा. घाम किंवा पावसाचं पाणी आत मुरलं की पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. आटे लख्ख कोरडे असतील तर प्रश्न फक्त जास्त आवळल्याचा, आणि ही सर्वांत चांगली बातमी.

चौथं कारण ओळखायची खूण अशी: स्क्रूचं डोकं एका बाजूने जास्त वर आलेलं दिसतं, किंवा स्क्रू चतुर्थांश फेरा सुटून पुन्हा करकचून अडतो. अशा स्क्रूला पुढे-मागे थोडं थोडं फिरवत, तेल पाजत बाहेर काढावं लागतं. एका दमात ओढला तर भोकातले आटेही सोबत येतात.

कागदावर ठेवलेले स्क्रू जिथून काढले त्याच क्रमाने मांडा आणि बाजूला जागा लिहून ठेवा. पुढच्या आणि मागच्या बेसच्या स्क्रूंची लांबी अनेकदा वेगळी असते, आणि ही नोंद शेवटी उपयोगी पडते.

खाच साफ करा, मग बिट निवडा

खाचेत काय भरलंय ते न बघताच बिट घुसवलं जातं. माती, जुनं तेल, रंग, सुकलेला गोंद, यातलं काहीही तळाशी असलं की बिट पूर्ण खोल बसत नाही आणि फक्त वरच्या कडेवर जोर येतो. गोल होतात त्या नेमक्या या वरच्या कडा. जाड सुई किंवा टोकदार दातकोरणी घेऊन खाचेचे सगळे कोपरे खरवडा, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा आणि उजेडात पाहा. तळ चमकताना दिसला पाहिजे.

आता बिट. षटकोनी खाचेत इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत सर्रास होते. ३/३२ इंचाची की म्हणजे २.३८ मिलिमीटर. ती २.५ मिलिमीटरच्या खाचेत आरामात जाते, फिरवली की थोडी डुगडुगते, आणि जोर दिला की कोपरे खाते. ७/६४ इंच म्हणजे २.७८ मिलिमीटर, आणि कुठलीच नेहमीची मेट्रिक की तिच्याशी जुळत नाही. त्यामुळे दोन्ही संच जवळ ठेवा आणि जी सर्वांत मोठी की खाचेत बसते तीच वापरा. बॉलच्या टोकाची की या कामाला चालत नाही. ती तिरपी जाते खरी, पण कडेला जेमतेम टेकते. झिजलेल्या कीचं टोक दोनेक मिलिमीटर घासून सपाट केलं तर आतल्या कोऱ्या कडा पुन्हा कामाला येतात.

ताऱ्याच्या आकाराची खाच असेल तर ती टॉर्क्स. रिंगांवर बहुधा टी-१५ असते, काही ठिकाणी टी-१० किंवा टी-२०. टी-१० हे टी-१५ च्या खाचेत जातं आणि फिरतंसुद्धा, म्हणून आकार डोळ्यांनी ठरवू नका, दोन्ही लावून पाहा. जुन्या बेसवर सरळ चिरेचे स्क्रू भेटतात. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं आणि ते वर उचललं जातं. बंदुकीच्या कामाच्या स्क्रूड्रायव्हरचं पातं शेवटपर्यंत समांतर घासलेलं असतं. ते चिरेत रुंदीलाही आणि जाडीलाही पुरतं भरलं पाहिजे.

पहिला प्रयत्न

वस्तू हलू न देणं हे सर्वांत आधी. रिंगांसकट स्कोप असेल तर जाड टॉवेलच्या घडीत किंवा रबरी चटईवर टेकवा आणि कुणाला तरी धरायला सांगा. व्हाइसमध्ये धरायचंच झालं तर रिंगचा खालचा भाग धरा, स्कोपची नळी कधीच नाही. ती पातळ ॲल्युमिनियमची असते आणि दाबली गेली की पुन्हा गोल होत नाही.

टोपीच्या एका बाजूचा स्क्रू अडकला असेल तर आधी समोरच्या बाजूचे स्क्रू सैल करा. टोपी त्या बाजूने जराशी उचलली जाते आणि अडकलेल्या स्क्रूवरचा ताण कमी होतो. त्याच्याच बाजूचा शेजारी मात्र आधी सोडू नका, नाहीतर त्याचा भारही या बिचाऱ्यावर येतो.

बिट खाचेत तळाला टेकवा आणि त्याच्या मागच्या टोकावर लहान हातोडीने चार-पाच हलके, सरळ ठोके द्या. खिळा ठोकायचा नाहीये. टेबलावर बोटाने टकटक करावी तेवढंच. याने बिट नीट बसतं आणि आट्यांमधली सुकलेली पकड थोडी तडकते. मग तळहाताने बिट खाली दाबून धरा आणि सोडवण्याआधी उलटं, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर फिरवून पाहा. बारीकसा 'टक्' असा आवाज आला तर समजा काम झालं. मग सोडवा. जोर दाबण्यात जास्त आणि फिरवण्यात कमी हवा. बिट वर उचलल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबा.

ड्रिल प्रेस उपलब्ध असेल तर तिचा एक फार चांगला उपयोग इथं होतो. प्लग काढून ठेवा. बिट चकमध्ये पकडा, माउंट टेबलावर बरोबर खाली बसवा, आणि हँडल ओढून बिट खाचेत उतरवा. एका हाताने हँडल दाबून ठेवायचं, दुसऱ्या हाताने चक फिरवायचा. बिट सरळ राहतं आणि वर यायला त्याला जागाच नसते, त्यामुळे खाच खराब होण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. बेसच्या हट्टी स्क्रूंना याच्याइतका उतारा दुसरा नाही असं माझं मत आहे.

गोंद असेल तर उष्णता, गंज असेल तर तेल

हा क्रम उलटा करू नका. सुकलेल्या थ्रेडलॉकरवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा काही उपयोग होत नाही, आणि तेल ओतून झाल्यावर तापवायला घेतलं तर धूर होतो, प्रसंगी पेटही घेतं. म्हणूनच आधी कारण ओळखायचं. काहीच कळत नसेल तर उष्णता आधी, तेल नंतर.

उष्णता द्यायची ती सोल्डरिंग आयर्नने. गॅसची टॉर्च नको, हॉट एअर गनही नको. आयर्नची उष्णता एका बिंदूवर जाते; स्क्रू तापतो, आजूबाजूचं तेवढं तापत नाही. ४० ते ६० वॉटचं आयर्न पुरतं. त्याचं साफ केलेलं टोक थेट खाचेत टेकवा. खाच बारीक असेल तर जुन्या ॲलन कीचा तुकडा आत घालून तो तापवा, उष्णता त्यातून खाली उतरते. एक-दोन मिनिटं धरा, मग आयर्न काढून लगेच बिट लावा आणि गरम असतानाच फिरवा. थंड झाल्यावर गोंद पुन्हा कडक होतो, त्यामुळे बिट आणि पाना आधीच हाताशी तयार हवा.

किती तापवायचं ते गोंदावर ठरतं. लॉकटाइटमध्ये जांभळा २२२ हा कमी ताकदीचा, निळा २४३ मध्यम आणि लाल २७१ जास्त ताकदीचा. पहिले दोन खरं तर साध्या हत्यारांनी सुटावेत असेच बनवलेले आहेत, पण बारीक स्क्रूवर निळाही फार भारी पडतो. लाल असेल तर स्क्रू साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे आयर्न जास्त वेळ धरावं लागतं आणि एकदा नाही तर दोन-तीनदा. गोंद तापला की उग्र वास सुटतो. खिडकी उघडी ठेवा.

टोपीचा स्क्रू तापवताना स्कोपचा विचार करावा लागतो. त्याच्या आत कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, तो रबराच्या ओ-रिंगांनी अडवलेला असतो, आणि भिंगं चिकटवलेली असतात. दर अर्ध्या मिनिटाने रिंगशेजारी नळीला बोट लावा. बोट ठेववत नसेल इतकी ती तापली तर थांबा आणि पूर्ण निवू द्या. ॲल्युमिनियमच्या माउंटलाही मर्यादा असते. ७०७५-टी६ सारखा मिश्रधातू कारखान्यात सुमारे १२० अंशांवर बराच वेळ ठेवून कडक केलेला असतो. त्याच्या फार वर जास्त वेळ तापवला तर तो मऊ पडतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाच्या खेपा करा, एकच लांब शेक नको.

गंजाचं काम वेगळ्या गतीने चालतं. गंज सोडवणारं तेल सुईच्या टोकाने किंवा सिरिंजने डोक्याच्या कडेला एक थेंब सोडा, ठोके द्या, थांबा, पुन्हा थेंब. एक रात्र जाऊ द्या. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरी असतं, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. खास गंजासाठीचं तेल मिळत असेल तर तेच वापरा. ॲसिटोन आणि गिअरचं तेल मिसळून घरगुती औषध करणारेही आहेत. ॲसिटोन दस्त्याचं पॉलिश खातं आणि झटकन पेट घेतं, त्यामुळे रायफलच्या कामात मला ते नको वाटतं. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये बेसची मागची भोकं अनेकदा रिसीव्हरच्या आरपार गेलेली असतात. बोल्ट काढून आतून पाहिलं की स्क्रूचं टोक दिसतं, तेव्हा तेल खालूनही सोडता येतं, आणि ते वरून सोडण्यापेक्षा चांगलं मुरतं.

गंज असला तरी उष्णतेची मदत होते, फक्त तेल घालण्याच्या आधी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. त्यामुळे माउंटचा तो भाग कोमट केला की भोक स्क्रूपेक्षा जास्त मोकळं होतं. तापवा, निवू द्या, असं दोनतीनदा केलं की गंजाचा थर तडकतो आणि मग तेलाला आत शिरायला वाट मिळते.

खाच गेलीच असेल तर

अजून सगळं संपलेलं नाही. सरळ चिरेच्या किंवा थोड्याच घासलेल्या खाचेत इंजिनच्या व्हॉल्व्हसाठी वापरतात ती घासणारी पेस्ट बिटच्या टोकाला लावा. तिचे कण दोन्ही बाजूंना रुततात आणि पकड वाढते. रबर बँड मध्ये ठेवून स्क्रू काढायचा सल्ला सगळीकडे मिळतो. लाकडातल्या स्क्रूला तो लागू पडत असेल. इथं रबर फाटतं आणि खाचेत तुकडे अडकतात.

षटकोनी खाच गोल झाली असेल तर तिच्यापेक्षा किंचित मोठं टॉर्क्स बिट हातोडीने हलकेच ठोकून बसवा. त्याचे सहा दात मऊ झालेल्या भिंतीत नवी खोबण पाडतात. बिट चांगल्या पोलादाचं हवं, आणि ते बसल्यावर एकच प्रामाणिक प्रयत्न मिळतो, म्हणून त्याआधी स्क्रू तापवून घ्या. डोकं माउंटच्या वर उभं असेल तर बारीक कानशीने दोन बाजू सपाट करून पकडीने धरता येतं, किंवा पातळ कटिंग चकतीने डोक्यावर नवी सरळ चीर पाडता येते. तसं करताना भिंगांवर टेप लावा आणि बाकी सगळं झाका, कारण पोलादाच्या ठिणग्या काचेत रुततात.

यातलंही काही चाललं नाही तर डोकं ड्रिलने उडवायचं. ऐकायला भयंकर वाटतं, पण टोपीच्या स्क्रूसाठी ही पद्धत मला स्क्रू एक्स्ट्रॅक्टरपेक्षा (तुटका स्क्रू आतून धरून काढणाऱ्या हत्यारापेक्षा) खूप सुरक्षित वाटते. एवढ्या बारीक स्क्रूत जाणारा एक्स्ट्रॅक्टर काडीएवढा असतो, तो कडक आणि ठिसूळ असतो, आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला टोचा मारता येत नाही.

डोकं उडवताना खाचेचा मध्य आयताच मिळतो, ड्रिल तिथं टेकवा. आधी ३ मिलिमीटरचं, मग स्क्रूच्या दांड्याएवढं: ६-४८ साठी ३.५, ८-४० साठी ४ मिलिमीटर. वेग कमी, तेलाचा थेंब, आणि ड्रिल अगदी उभं. उलट फिरणारं डावं ड्रिल मिळालं तर उत्तमच. कधी कधी ते रुतताच अख्खा स्क्रू स्वतःहून बाहेर येऊ लागतो. डोक्याच्या उंचीएवढं खोल गेलात की डोकं सुटतं आणि ड्रिलबरोबर गोल फिरायला लागतं. तिथंच थांबा. टोपी उचला, खाली दांड्याचा तुकडा उभा राहिलेला असेल. डोकं गेलं म्हणजे ताण गेला, आणि ताण गेल्यावर हा तुकडा अनेकदा लॉकिंग प्लायरने सहज फिरतो. नाही फिरला तर ड्रिलचं तेल पुसून पुन्हा आयर्न लावा, आता उष्णता थेट आट्यांपर्यंत पोचते.

बेसच्या स्क्रूचंही डोकं असंच उडवता येतं, पण फक्त ड्रिल प्रेसवर आणि खोलीचा अटकाव लावून. हाताच्या ड्रिलने नको. बेस उचलल्यावर त्याच्या जाडीएवढा दांडा रिसीव्हरवर उभा राहतो, तो पकडायला पुरतो.

इथं थांबायचं

स्क्रू रिसीव्हरच्या पृष्ठभागाशी समपातळीत किंवा त्याच्या खाली तुटला असेल तर पुढे जाऊ नका. पुढच्या बेसच्या भोकाखाली रायफलच्या नळीचे आटे आणि चेंबर असतं. तिथं ड्रिल अर्धा मिलिमीटर जास्त गेलं तर चेंबरची भिंत कमजोर होते, आणि ती भिंत गोळी सुटताना प्रचंड दाब झेलते. गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, मिलिंग मशीन असतं. काही ठिकाणी विजेच्या ठिणग्यांनी स्क्रू कोरून काढण्याची सोय असते, त्यात भोकाच्या आट्यांना धक्का लागत नाही. रायफल देताना तुम्ही काय काय करून पाहिलंत ते सगळं सांगा, विशेषतः आत काही तुटलं असेल तर.

निघाला, आता परत बसवताना

छळलेला स्क्रू पुन्हा वापरू नका. नवा घेताना आटे आणि लांबी दोन्ही जुन्याशी ताडून पाहा. तुमच्या कागदावर त्याचे भाऊबंद आहेतच. ६-४८ आणि ६-४० यांची जाडी सारखीच असते, दिसतातही सारखे, पण एकाच्या जागी दुसरा घुसवला तर दोन फेऱ्यांनंतर अडकतो. नवा स्क्रू आधी बोटांनीच फिरवून पाहा, शेवटपर्यंत गुमान गेला पाहिजे. मध्येच अडला तर भोकात जुन्या गोंदाचा किंवा गंजाचा कचरा आहे. योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हलक्या हाताने फिरवला की तो निघतो. भोक स्पिरिटने पुसून कोरडं करा.

बेस बसवून झाला की बोल्ट घालून उघड-बंद करून पाहा. स्क्रू लांब झाला असेल तर त्याचं टोक बोल्टला घासतं. पुढचा स्क्रू लांब असेल तर तो नळीवर टेकतो आणि बेस मात्र सैलच राहतो, वरून घट्ट वाटत असूनही.

आवळायला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोजणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. अनेक निर्माते रिंगच्या टोपीसाठी १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर. हातात ते इतकं कमी वाटतं की बहुतेकांना विश्वास बसत नाही, आणि जास्त आवळलेल्या स्क्रूंची मूळ गोष्ट हीच. बेसच्या स्क्रूंसाठी २० ते ३० इंच-पाउंड हा नेहमीचा पल्ला आहे. तुमच्या माउंटच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. हे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ओढला जातो.

थ्रेडलॉकर फक्त बेसच्या स्क्रूंना, तोही जांभळा, आणि आट्यांच्या टोकाला एकच बारीक थेंब. टोपीचे स्क्रू कोरडेच ठेवा. टोपी बसवताना कोपऱ्याकोपऱ्याने, तिरकस क्रमाने, थोडं थोडं आवळा आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहताहेत ना ते पाहत राहा.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर येणारी रंगाची एक बारीक रेघ ओढा. स्कोप उतरवून बसवला म्हणजे शून्य पुन्हा साधावं लागणार, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा पुन्हा जुळवावी लागणार. २५ मीटरवरून सुरुवात करा आणि मग नेहमीच्या अंतरावर जा. पहिल्या सत्रानंतर, रायफल रिकामी करून, रेघा तपासा. एखादी तुटलेली दिसली तर तो स्क्रू तसाच वरून आवळू नका. पूर्ण काढा, आटे आणि भोक पुसा, आणि पुन्हा ठरलेल्या टॉर्कला बसवा.